ट्रॅक्टर व मालमोटारीवर स्वतःची हवा : हिशेब, बांधणी आणि धोके

पूर्वी शेतकऱ्याच्या गाडीस हवा लागत नसे. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविलेली असे. धाव सैल झाली की लोहाराकडे जावे आणि आखास वेळेवर वंगण घालावे, एवढ्यावर काम भागे. रबरी धावेत हवा कोंडण्याची युक्ती रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्यांनी 1845 साली काढली, आणि जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी 1888 साली ती नव्याने शोधून प्रचारात आणली. डनलॉप कंपनीचा बंगालमधील साहागंज येथील कारखाना 1936 साली सुरू झाला. पुढे बैलगाडीस हवेची चाके बसली, तेव्हा ग्रामीण भागात त्या गाडीलाच लोक 'डनलप गाडी' म्हणू लागले. आज ट्रॅक्टर, ट्रॉली, संत्री वाहून नेणारी पिकअप, मोठी मालमोटार ही सर्व वाहने हवेवर उभी आहेत. परंतु हवा भरण्याची सोय सडकेवर आहे आणि हवेची गरज पडते ती बहुधा धुऱ्यावर. ही तफावत दूर करण्यासाठी वाहनावरच हवा तयार करून साठविण्याची व्यवस्था घरच्या घरी कशी उभारावी, तिचा हिशेब कसा मांडावा, आणि ती उभारताना कोणत्या गोष्टी मुळीच करू नयेत, हे शेतकरी बंधूंपुढे मांडावे असा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. ह्या व्यवस्थेत पंप, नळ्या व पट्टा ही साधी कामे आहेत आणि गावातील कोणताही हुशार मिस्त्री ती करील. अवघड काम हवेच्या टाकीचे आहे. टाकी योग्य असेल तर ही सोय पुष्कळ वर्षे निमूटपणे उपयोगी पडते. अयोग्य असेल तर ती कधी आणि कोणाच्या शेजारी फुटेल ह्याचा नेम नाही. म्हणून लेखातील अधिक जागा टाकीस दिली आहे.

शेतात एक दाब, सडकेवर दुसरा

पुष्कळांची समजूत अशी असते की, हवेची गरज केवळ पंक्चर झाल्यावर पडते. खरा लाभ त्याहून मोठा आहे. नागपूरच्या दक्षिणेस मनीषनगर येथे प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य आहे. बेसा, घोगली, पिपळा ह्या बाजूंस एकीकडे घरांची दाटी आणि दुसरीकडे शेती असा देखावा आहे. अशा भागातील ट्रॅक्टर सकाळी सिमेंटच्या कठीण रस्त्यावरून जातो, दुपारी मऊ काळ्या जमिनीत उतरतो आणि संध्याकाळी भरलेली ट्रॉली घेऊन पुन्हा रस्त्यावर येतो. चाकात हवा मात्र दिवसभर तीच राहते. ती रस्त्याच्या मानाने भरलेली असते, आणि तिचा त्रास शेतास होतो.

कारण असे की, टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारणतः त्याच्या आतील हवेच्या दाबाइतकाच असतो. हवा कमी असेल तर टायर पसरतो, अधिक जमीन व्यापतो आणि भार वाटला जातो. हवा जास्त असेल तर तोच भार थोड्या जागेवर पडतो व चाकोरी खोल रुतते. नागपूरच्या जुन्या बंदोबस्तात जमिनीचे काळी, कन्हार, मोरंड, खरडी, बरडी असे प्रकार धरीत असत. त्यांपैकी काळी व कन्हार ह्या भारी जमिनी ओलीत दाबल्या गेल्या म्हणजे थर घट्ट बसतो, पाणी मुरत नाही आणि पऱ्हाटीचे सोटमूळ त्या थराशी अडते. कमी दाबाचा टायर जमीन चांगली पकडतो, म्हणून चाक जागच्या जागी कमी फिरते व डिझेलही वाचते. मात्र तोच मऊ टायर भरलेल्या ट्रॉलीसह वेगाने रस्त्यावर नेला, तर त्याच्या बाजू वारंवार दुमडतात, तापतात आणि फाटतात. अर्थात शेतात एक दाब व रस्त्यावर दुसरा, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पाण्यात व जमिनीवर चालणारी 'डक' नावाची मालमोटार वापरली. चालकास आपल्या जागेवरूनच तिच्या चाकांतील हवा कमी-अधिक करता येई. समुद्रातून वाळूवर चढताना हवा कमी करावी व पक्क्या रस्त्यास लागताच वाढवावी, असा तिचा परिपाठ होता. 1943 साली सिसिलीच्या व 1944 साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ह्या गाड्यांनी काम केले. आपल्या शेतकऱ्यास तेवढे यंत्र नको. चाकाशी उभे राहून पाच मिनिटांत हवा भरता आली तरी त्याचे काम होते.

किती हवा लागेल ह्याचा हिशेब

पंक्चरच्या दुकानात हवा 'पौंडां'त मोजतात. म्हणजे दर चौरस इंचास किती पौंड जोर, ते. ह्या लेखातही तेच माप घेतले आहे. दर चौरस सेंटिमीटरास एक किलो म्हणजे 14.2 पौंड, आणि आपल्या भोवतालच्या वातावरणाचा दाब सुमारे 14.7 पौंड, हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत.

रॉबर्ट बॉइल ह्यांनी 1662 साली प्रसिद्ध केलेला नियम असा की, उष्णमान तेच असता हवा जितकी दाबावी तितकी तिची जागा कमी होते. त्यावरून हिशेब सोपा होतो : भांड्याचे लिटर गुणिले वाढवावयाचे पौंड, भागिले 14.7. भागाकार येईल तितकी लिटर मोकळी हवा लागेल.

ट्रॅक्टरचा 13.6-28 मापाचा मागचा टायर घेऊ. त्याच्या पोटात अदमासे 250 लिटर जागा असते. शेतात 12 पौंड हवा आहे व रस्त्यासाठी 22 पौंड करावयाची आहे, असे उदाहरणादाखल समजू. 250 गुणिले 10, भागिले 14.7, म्हणजे एका चाकास 170 लिटर व दोन्ही चाकांस 340 लिटर हवा हवी. आपल्या ट्रॅक्टरसाठी नेमके किती पौंड ठेवावेत हे कंपनीच्या पुस्तकात टायरचे माप व भार ह्यांनुसार दिलेले असते. तेच प्रमाण मानावे. वरील आकडे केवळ हिशेबासाठी आहेत.

मागच्या चाकांत वजनासाठी पाणी भरलेले असल्यास हिशेब बदलतो. पाऊण टायर पाण्याने भरला असेल तर हवेस पाव जागा, म्हणजे 62 लिटरच उरते, आणि त्याच 10 पौंडांस केवळ 42 लिटर हवा पुरते. अशा चाकाचा दाब झपाट्याने चढतो हे विसरू नये. हवा भरताना, सोडताना किंवा मोजताना वॉल्व्हचे तोंड सर्वांत वर येईल असे चाक उभे करावे. नाहीतर मापकात पाणी शिरेल.

आता टाकीचा हिशेब. 30 लिटरची टाकी 110 पौंडांपर्यंत भरली आणि 25 पौंड उरेपर्यंत वापरली, तर 30 गुणिले 85, भागिले 14.7, म्हणजे 173 लिटर हवा मिळते. थोडक्यात, भरलेली टाकी वरील उदाहरणातील एक चाक भरते. दुसऱ्या चाकासाठी पंपाने काम केले पाहिजे. पंप मिनिटास 100 लिटर हवा देत असेल तर दुसऱ्या चाकास दोन मिनिटांच्या आत हवा मिळेल. ह्यावरून उघड होते की, टाकी फार मोठी घेण्यात अर्थ नाही. पंप चांगला असावा आणि टाकी लहान पण पक्की असावी.

पंप कोणता घ्यावा

येथे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग बॅटरीवर चालणाऱ्या 12 व्होल्टच्या लहान पंपाचा. तो स्वस्त व बसविण्यास सोपा असतो. परंतु दाब चढत जातो तशी त्याची हवा कमी पडते, आणि पंधरा-वीस मिनिटांनंतर त्यास विसावा द्यावा लागतो. ज्या पिकअपला हवेचे ब्रेक नाहीत तिला, आणि ज्यास अडचणीच्या वेळेपुरतीच हवा हवी त्यास, हा पुरे. मात्र त्याची तार सरळ बॅटरीपासून आणावी, बॅटरीजवळच फ्यूज घालावा, आणि इंजिन चालू ठेवूनच पंप चालवावा.

दुसरा मार्ग इंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या लहान कॉम्प्रेसरचा. सुमारे एक अश्वशक्तीचा, स्वतःच्या तळाशी तेल असलेला कॉम्प्रेसर ट्रॅक्टरच्या पुढील भागी चौकटीवर बसविता येतो. येथे पुलीचा हिशेब चुकता कामा नये. कॉम्प्रेसरची कमाल गती मिनिटास 800 फेरे आहे आणि उभ्या ट्रॅक्टरचे इंजिन 1,200 फेऱ्यांवर चालवावयाचे आहे, तर इंजिनाची पुली 6 इंच व कॉम्प्रेसरची 9 इंच घेतल्यास बरोबर 800 फेरे मिळतील. पण नांगरताना तेच इंजिन 2,200 फेऱ्यांवर गेले तर कॉम्प्रेसर 1,466 फेरे घेईल आणि तापून निकामी होईल. ह्यास्तव पट्टा ताणणारी पुली तरफेवर बसवावी, म्हणजे हवा भरावयाची तेव्हाच पट्टा घट्ट होईल व एरवी कॉम्प्रेसर स्वस्थ राहील. पट्ट्यावर जाळीचे आच्छादन अवश्य असावे. उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर ओढून घेण्यास पट्ट्यास क्षणाचाही वेळ लागत नाही.

तिसरा मार्ग ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. दांड्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा. कॉम्प्रेसर व टाकी एकाच चौकटीवर बांधून ती मागच्या लिंकेजला जोडावयाची. दांड्याची नेहमीची गती 540 फेरे असल्याने संथ चालीचा कॉम्प्रेसर त्यास चांगला जुळतो. विहिरीचा काळा पाषाण फोडण्यासाठी ट्रॅक्टरवर चालणारे मोठे कॉम्प्रेसर आपल्या मुलखात शेतकऱ्यांनी पाहिलेच आहेत. हा त्यांचाच धाकटा भाऊ. ह्यात इंजिनास हात लावावा लागत नाही, हा लाभ. वखर किंवा नांगर जोडलेला असताना ही चौकट बरोबर नेता येत नाही, ही उणीव.

भंगारातून मिळणाऱ्या वस्तूंविषयी दोन शब्द. जुन्या मालमोटारीच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर मजबूत असतो खरा, पण त्यास बहुधा इंजिनातील तेलाचा पुरवठा लागतो. ती जोडणी न करता चालविल्यास तो थोड्याच वेळात जाम होतो. वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलावर जगतो; नुसती हवा दिल्यास तो कोरडा पडतो. शीतकपाटाचा कॉम्प्रेसर हवा फार थोडी देतो आणि तीबरोबर तेल टाकीत ढकलतो. ज्यास स्वतःचे तेल आहे व ज्यावर कमाल दाब व गती लिहिली आहे, असाच कॉम्प्रेसर घेणे श्रेयस्कर.

टाकी : सर्वांत महत्त्वाचा भाग

टाकीत किती जोर कोंडलेला असतो ह्याची कल्पना पुष्कळांस नसते. 9 इंच व्यासाच्या टाकीच्या एका टोकाचे क्षेत्रफळ सुमारे 63 चौरस इंच. 110 पौंड दाबास त्या टोकावर जवळजवळ 7,000 पौंड, म्हणजे 31 क्विंटलांहून अधिक रेटा पडतो. तुरीची एकतीस पोती त्या तव्याएवढ्या झाकणावर रचली आहेत आणि ते झाकण वेल्डिंगच्या एका रेघेने धरले आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. 30 लिटरची ही टाकी फुटली तर तिच्यातून एकदम मोकळी होणारी शक्ती एका क्विंटलाचे पोते सुमारे तीस मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीइतके उंच उचलण्यास पुरेल. फुटलेल्या पत्र्याचे तुकडे ह्याच शक्तीने उडतात.

म्हणून पुढील चार वस्तूंची टाकी कदापि करू नये.

पहिली, घरगुती गॅसची टाकी. ती गॅस कंपनीच्या मालकीची असते, ग्राहकाच्या नव्हे. शिवाय तिच्यात ज्वालाग्राही गॅसचा अंश राहतो, आणि तिला छिद्र पाडण्यास किंवा वेल्डिंग करण्यास जाणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय.

दुसरी, जाड नळास दोन्ही टोकांस सपाट पत्रा वेल्ड करून केलेली टाकी. दाबाखाली सपाट पत्रा बाहेर फुगू पाहतो, प्रत्येक वेळी थोडा वाकतो, आणि अखेरीस वेल्डिंगच्या कडेशी तडकतो. दाबाच्या टाकीची टोके घुमटासारखी गोलाईची असतात ती शोभेसाठी नव्हे.

तिसरी, पी.व्ही.सी. पाइप. ओलिताच्या कामातून उरलेले तुकडे प्रत्येक मळ्यात पडलेले असतात आणि त्यांवर '6 किलो' किंवा '10 किलो' असे छापलेले असते. ते पाहून मोह होतो. परंतु तो आकडा साधारण उष्णमानाच्या पाण्यासाठी आहे, हवेसाठी नव्हे. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी सांडून दाब ताबडतोब जातो. हवेचा फुटला तर त्याच्या सुरीसारख्या धारेच्या चिरफळ्या उडतात. नागपूरच्या वैशाखातील उन्हाने तर हा पाइप आणखी ठिसूळ व दुबळा होतो. टाकीस नाही आणि नळीसही नाही, असा ह्या बाबतीत नियम करावा.

चौथी, आतून गंजलेली जुनी टाकी. बाहेरचा रंग कितीही नवा असला तरी तळाचा पत्रा किती उरला हे दिसत नाही.

मग कोणती घ्यावी? हवेच्या ब्रेकसाठी किंवा कॉम्प्रेसरसाठीच कारखान्यात केलेली, कमाल दाबाची पट्टी ठोकलेली नवी टाकी घ्यावी. तिच्यावर नवे वेल्डिंग किंवा नवे छिद्र करू नये. टाकीस पट्ट्यांनी व रबरी गादीने बांधावे, सरळ चौकटीस वेल्ड करू नये. कारण ट्रॅक्टरच्या हादऱ्याने त्या जोडापाशीच तडा जातो.

टाकी बसविण्यापूर्वी पाण्याने परीक्षा करावी. टाकी काठोकाठ पाण्याने भरून आतील हवा पूर्णपणे काढून टाकावी, आणि चाचणीच्या हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे 110 पौंडांच्या टाकीस 165 पौंड दाब द्यावा. पट्टीवर परीक्षेचा दाब लिहिला असेल तर त्याच्या वर जाऊ नये. काही मिनिटे काटा स्थिर राहिला व कोठे ओल दिसली नाही म्हणजे टाकी उतरली असे समजावे. पाणीच का? पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून त्यात शक्ती साठत नाही. टाकी तडकली तर पाण्याची एक चिळकांडी उडून काम संपते. हीच परीक्षा हवेने करणे म्हणजे टाकी पक्की आहे की नाही ते स्वतःच्या अंगावर फोडून पाहणे होय. संत्र्याच्या बागेतील फवारणीचा एच.टी.पी. पंपही ह्या कामी वापरू नये. त्याचा दाब ह्या टाकीच्या ताकदीपलीकडे क्षणात चढतो.

जोडणीचा क्रम

कॉम्प्रेसरच्या तोंडापासून सुरुवात करू. दाबलेली हवा अतिशय तापते, म्हणून पहिला हात-दीड हात नळी तांब्याची किंवा पोलादाची असावी. त्यापुढे हादरे सोसण्यासाठी उष्णता सहन करणारी लवचिक नळी. नंतर दाब ठराविक मर्यादेस पोहोचला की कॉम्प्रेसरची हवा बाहेर सोडून देणारा अनलोडर. आपल्या उदाहरणात तो 110 पौंडांस सुटावा व 90 पौंडांस पुन्हा भरणे सुरू करावे. त्यापुढे टाकीतील हवा मागे फिरू न देणारा एकमार्गी वॉल्व्ह, आणि मग टाकी.

टाकीवर तीन वस्तू हव्यात. दाबमापक, तळाशी पाणी सोडण्याची तोटी, आणि सेफ्टी वॉल्व्ह. सेफ्टी वॉल्व्ह 120 ते 125 पौंडांस सुटणारा असावा, मात्र टाकीच्या पट्टीवरील कमाल दाब त्याहून कमी नसावा. अनलोडर बिघडला तरी कॉम्प्रेसरची सर्व हवा एकट्याने बाहेर टाकता येईल एवढे सेफ्टी वॉल्व्हचे तोंड असावे. तो सरळ टाकीवरच बसवावा. टाकी व सेफ्टी वॉल्व्ह ह्यांच्यामध्ये तोटी घालू नये. मधली तोटी चुकून बंद राहिली तर सेफ्टी वॉल्व्ह असून नसल्यासारखा होतो. तो वारंवार सुटतो म्हणून आवळून ठेवणारे वा त्याचे तोंड लाकडी खुंटीने बंद करणारे महाभागही असतात. सुटणारा वॉल्व्ह अनलोडर बिघडल्याचे सांगत असतो. सांगणाऱ्याचे तोंड बांधू नये, अनलोडर दुरुस्त करावा.

टाकीतून बाहेर येताना प्रथम एक बंद करण्याची तोटी, मग हवेसाठीच केलेली व 300 पौंड दाब लिहिलेली रबरी नळी. ती मागच्या चाकापर्यंतच नव्हे, ट्रॉलीच्या मागच्या चाकापर्यंत पोहोचेल इतकी लांब असावी. टोकास मापक असलेले आणि वॉल्व्हवर स्वतः पकड घेणारे तोंड लावावे, म्हणजे हवा भरताना माणसास टायरच्या पुढ्यात वाकून बसावे लागत नाही. जोड पूर्ण झाले की साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. टाकी भरून इंजिन बंद करावे. रात्रभरात काटा फारसा उतरला नाही तर जोडणी चांगली झाली.

मालमोटारीच्या ब्रेकची हवा

नागपूर हे श्रीनगर-कन्याकुमारी व हजिरा-पारादीप ह्या दोन महामार्गांच्या मिलनाचे ठिकाण असल्याने येथे मालमोटारींची वर्दळ मोठी आहे, आणि काटोल-नरखेडकडील बागायतदारांपैकी काहींच्या स्वतःच्याही गाड्या आहेत. मोठ्या मालमोटारीवर हवा आधीच असते. तिचे ब्रेकच हवेवर चालतात. हवेचा ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्यांनी 1869 साली आगगाडीसाठी काढला व पुढे तो रस्त्यावरील वाहनांकडे आला. अशा गाडीस दुसरा कॉम्प्रेसर लावण्याचे कारण नाही. पुष्कळ गाड्यांवर टायर भरण्यासाठी नळी जोडण्याचे तोंड कंपनीनेच ठेवलेले असते. ते कोठे आहे हे गाडीच्या पुस्तकात पाहावे व तेथूनच हवा घ्यावी.

परंतु ब्रेकच्या टाकीस मधेच छिद्र पाडून किंवा तिच्या नळीत टी जोडून हवा काढणे हा गुन्हेगारी स्वरूपाचा अविचार आहे. त्या नळीचा जोड चालत्या गाडीत सुटला तर तिच्याबरोबर ब्रेकही जातो, आणि सोबत दहा टन माल असतो. गाडीत सिस्टीम प्रोटेक्शन वॉल्व्ह असतो तो ह्याचसाठी, की एका शाखेची हवा गेली तरी ब्रेकच्या दुसऱ्या शाखेची हवा टिकावी. जादा कामाची हवा त्या वॉल्व्हच्या जादा शाखेतूनच घ्यावी, आणि तेही कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेकडून. मोटार वाहन कायदा, 1988 ह्याच्या कलम 52 अन्वये नोंदणीच्या दाखल्यातील तपशील मूळ बांधणीहून वेगळा होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही, हेही ध्यानात असावे.

मालमोटारीच्या टायरमध्ये ट्रॅक्टरच्या चाकाच्या कितीतरी पट, 100 पौंडांहूनही अधिक हवा असते. अनेक चाकांस टायर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी असते. ती नीट बसलेली नसताना हवा भरली तर ती तोफेच्या गोळ्याप्रमाणे उडते. असे चाक गाडीवरून काढलेले असेल तर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच त्यात हवा भरावी, आणि कोणत्याही स्थितीत चाकाच्या समोर उभे राहू नये. टायरच्या नक्षीच्या बाजूस, लांब नळी घेऊन उभे राहावे.

वापर व निगा

स्वतःची हवा असली म्हणजे टायरखेरीज इतर कामेही होतात. कापसाचे तंतू व भुसा रेडिएटरच्या जाळीत बसून इंजिन तापते; मागून पुढे हवेचा झोत दिल्यास जाळी मोकळी होते. कोरडा एअर फिल्टर आतून बाहेर झोत देऊन स्वच्छ करावा, मात्र दाब 30 पौंडांच्या आत ठेवावा. अधिक दाबाने कागद फाटतो व पुढे धूळ सरळ इंजिनात जाते. डोळ्यांस चष्मा असावा. हवेने अंगावरील कपडे झटकू नयेत, आणि थट्टेनेही कोणाच्या अंगावर झोत सोडू नये. दाबाची हवा कातडीत शिरून जिवावर बेतते.

पावसाळ्यात टाकीकडे विशेष लक्ष पुरवावे. 30 अंश उष्णतेच्या दमट हवेत दर हजार लिटरांस सुमारे 30 ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा टाकीत दाबून गार झाली म्हणजे त्यातील सुमारे 26 ग्रॅम पाणी तळाशी उतरते. आठवड्यात चार-पाच वेळा चाके भरणाऱ्याच्या टाकीत दर आठवड्यास एवढे पाणी जमते. ते न काढल्यास तळाचा पत्रा आतून झिजतो, आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर भक्कम घेतलेली टाकी वर सांगितलेल्या चौथ्या प्रकारची होऊन बसते. म्हणून कामाच्या दिवशी संध्याकाळी तळाची तोटी उघडून पाणी व हवा दोन्ही जाऊ द्यावी. रिकामी टाकी कोणासही इजा करीत नाही. रात्रभर भरून ठेवण्यात काही लाभही नाही.

प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्यात नोंदी ठेवण्यात गेली, म्हणून अखेरीस नोंदवहीविषयी सुचवावेसे वाटते. एक साधी वही ट्रॅक्टरच्या पेटीत असावी आणि तीत पाच रकाने आखावेत : टाकीची खरेदी व तिच्यावरील दाब, पाण्याची परीक्षा केल्याची तारीख, सेफ्टी वॉल्व्ह हाताने ओढून पाहिल्याची तारीख, कॉम्प्रेसरचे तेल बदलल्याची तारीख, आणि चाकनिहाय शेतातील व रस्त्यावरील पौंड. सेफ्टी वॉल्व्ह महिन्यातून एकदा ओढावा. पाण्याची परीक्षा दर दोन वर्षांनी पुन्हा करावी. परीक्षेत ओल दिसली तर त्या टाकीस ठिगळ लावू नये; तिला आरपार भोक पाडून भंगारात द्यावे, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या गाडीवर चढणार नाही. सातबारा कोरा असला म्हणजे जमीन कोणाची हे ठरत नाही; टाकीची वही कोरी असली म्हणजे ती टाकी किती विश्वासाची हेही ठरत नाही. जिची वही कोरी, तिच्यात हवा भरू नये.